थायरॉइड स्टॉर्म आणि मिक्झिडीमा कोमा: पहिल्या काही तासांत काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

थायरॉइडचे बहुतेक आजार ओपीडीत, महिन्यांच्या हिशेबाने सांभाळले जातात. टीएसएच (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं, थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) बघायचं, गोळी थोडी वाढवायची किंवा कमी करायची, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा बोलवायचं. या आजाराची दोन टोकं मात्र तासांत जीव घेऊ शकतात. एका टोकाला हार्मोनचा भडका, म्हणजे थायरॉइड स्टॉर्म. दुसऱ्या टोकाला हार्मोनअभावी शरीर गार पडत जाणं, म्हणजे मिक्झिडीमा कोमा. स्टॉर्ममध्ये नीट उपचार करूनही दहातला एक रुग्ण दगावतो, काही नोंदींत तर चारातला एक. मिक्झिडीमा कोमात धोका याहून मोठा आहे.

हा लेख प्रामुख्याने कॅज्युअल्टीत किंवा आयसीयूत ड्यूटी करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे. यातले डोस प्रौढांचे आहेत आणि रुग्णालयात, मॉनिटर लावून द्यायचे आहेत. घरच्यांसाठीचा भाग मी मुद्दाम सुरुवातीलाच घेतला आहे, कारण उशीर बहुतेक वेळा रुग्णालयात पोहोचण्याआधी होतो.

माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. संशय आला की रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे, आणि औषधांचा क्रम मोडायचा नाही. या दोन्ही आजारांत योग्य औषध चुकीच्या वेळी दिलं तर तेच अपाय करतं.

घरच्यांनी कधी धावायचं

थायरॉइड वाढलेल्या रुग्णाला जोराचा ताप आला, छातीत सतत धडधड होतेय, घामाने अंग भिजतंय, जुलाब-उलट्या सुरू आहेत आणि त्यात तो असंबद्ध बोलू लागला किंवा फार अस्वस्थ झाला, तर सकाळपर्यंत थांबू नका. नुकतीच गोळी बंद केली असेल, एखादं ऑपरेशन, बाळंतपण किंवा मोठा संसर्ग झाला असेल तर शंका आणखी दाट होते. ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालेल, अॅस्पिरिन नको.

थायरॉइड कमी असलेल्या, विशेषतः वयस्कर माणसात चित्र वेगळं असतं. तो हळूहळू मंदावतो. झोप वाढते, हाक मारल्यावर उत्तर उशिरा येतं, अंग गार लागतं, चेहरा आणि डोळ्यांभोवतीचा भाग सुजतो, आवाज घोगरा होतो. ‘वय झालंय, थंडी आहे’ म्हणून हे सोडून दिलं जातं. हाका मारूनही तो नीट जागा होत नसेल तर रुग्णालय गाठा. अशा माणसाला झोपेची गोळी देऊ नका आणि गरम पाण्याच्या पिशव्या लावू नका, पांघरूण पुरे. जाताना त्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या. कोणती गोळी किती दिवसांपासून बंद आहे, ही एक माहिती डॉक्टरांचा बराच वेळ वाचवते.

स्टॉर्म ओळखायचा कसा

पहिली गोष्ट लक्षात ठेवा: फ्री टी-फोर (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) किती वाढलंय यावरून स्टॉर्म ठरत नाही. साध्या हायपरथायरॉइडिझममध्येही (थायरॉइड वाढण्याच्या आजारातही) तेवढेच आकडे दिसतात. फरक असतो तो शरीर ते किती सोसतंय यात. म्हणून निदान रुग्णाच्या खाटेजवळ होतं.

त्यासाठी १९९३ साली मांडलेली बर्च-वॉर्टोफ्स्की गुणपद्धत आजही वापरतात. ताप, नाडी, मेंदूची लक्षणं, पोट आणि यकृत, हृदयाची अवस्था, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचा अनियमित ताल) आणि आजार उसळवणारं कारण या प्रत्येकाला गुण मिळतात. बेरीज ४५ किंवा त्याहून जास्त आली तर स्टॉर्मची दाट शक्यता, २५ ते ४४ असेल तर तो येऊ घातलाय असं समजायचं, २५ च्या खाली शक्यता कमी. उदाहरण घ्या. ताप ३८.६ अंश सेल्सिअस, त्याचे १५. नाडी १२८, त्याचे १५. भ्रमिष्टपणा, २०. उलट्या, १०. औषध अचानक बंद केल्याचा इतिहास, १०. बेरीज ७०.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र डोळ्यांआड करू नका. थायरॉइड पूर्ण नॉर्मल असलेल्या सेप्सिसच्या (गंभीर संसर्गाने अवयव बिघडलेल्या) रुग्णालाही ताप, वेगवान नाडी आणि भ्रम यांवरच साठच्या आसपास गुण मिळू शकतात. म्हणून आधी हायपरथायरॉइडिझमचा पुरावा शोधा: गळ्याशी गाठ किंवा वाढलेली ग्रंथी, बाहेर आलेले डोळे, हातांची थरथर, मोठ्या कालावधीत घटलेलं वजन, जुनी कार्बिमाझोलची (थायरॉइड कमी करणाऱ्या गोळीची) चिठ्ठी. वयस्करांत यातलं काहीच उठून दिसत नाही. ताप बेताचाच असतो, माणूस उलट सुस्त असतो आणि समोर येतं ते फक्त हार्ट फेल्युअर किंवा अनियमित नाडी.

रक्त पहिल्याच सुईला काढून घ्या, आयोडीन देण्याआधी. टीएसएच, फ्री टी-फोर, टी-थ्री (थायरॉइडचं जास्त प्रभावी हार्मोन), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताच्या आणि किडनीच्या तपासण्या, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, ब्लड कल्चर, आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रीची गर्भचाचणी. सोबत ईसीजी आणि छातीचा एक्स-रे. टीएसएचचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार असेल तर येऊ दे, उपचार आत्ता सुरू होतात.

स्टॉर्मचे उपचार: क्रमाने

श्वास, ऑक्सिजन, दोन चांगल्या शिरा, मॉनिटर हे नेहमीचं झालं की हृदयाकडे वळा. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) सगळ्यांत लवकर काम करतो. प्रोप्रानोलॉल तोंडाने किंवा राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) ६० ते ८० मिलिग्रॅम, दर ४ ते ६ तासांनी. मोठ्या डोसमध्ये ते टी-फोरचं टी-थ्रीत होणारं रूपांतरही थोडं रोखतं, म्हणून इथे त्याला पसंती. दमा असेल तर ते टाळा, नाडी आवरायला डिल्टियाझेमचा विचार करता येतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण स्टॉर्मच्या उपचारातला सगळ्यांत जीवघेणा प्रसंग इथेच घडतो. रुग्णाचं हृदय आधीच थकलेलं असेल, तर ती १४० ची नाडीच रक्तदाब टिकवून धरत असते. अशा वेळी प्रोप्रानोलॉलचा भरघोस डोस दिला की रक्तदाब कोसळतो आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून शक्य असेल तर पहिल्या डोसआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, निदान फुफ्फुसांच्या तळाशी क्रेपिटेशन्स (पाणी साठल्याची चुरचुर) ऐका, मानेच्या शिरा बघा, हातपाय गार आहेत का पाहा. पंपिंग कमी वाटत असेल तर एस्मोलॉल वापरा. त्याचा परिणाम काही मिनिटांत उतरतो, त्यामुळे चूक लक्षात आली तर सावरता येते. लोडिंग २५० ते ५०० मायक्रोग्रॅम प्रति किलो, पुढे ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट असं सांगितलं जातं, पण अशा थकलेल्या हृदयाला लोडिंग टाळून, अगदी कमी वेगापासून चढत जाणं मला जास्त सुरक्षित वाटतं. नाडी ८० वर आणायचा हट्ट पहिल्या दिवशी नको.

लगोलग अँटिथायरॉइड औषध. प्रोपिलथायोयुरॅसिल, म्हणजे पीटीयू, ५०० ते १००० मिलिग्रॅम लोडिंग आणि मग २५० मिलिग्रॅम दर ४ तासांनी. ते ग्रंथीतलं नवं हार्मोन तर थांबवतंच, शिवाय टी-फोरचं टी-थ्री होणंही अडवतं. ते नसेल तर मेथिमाझोल दिवसाला ६० ते ८० मिलिग्रॅम विभागून, किंवा कार्बिमाझोल, जे शरीरात गेल्यावर मेथिमाझोलच बनतं. यांची इंजेक्शनं सहसा मिळत नाहीत, गोळ्या कुटून नळीतून द्याव्या लागतात. पीटीयूने यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून संकट टळलं की गर्भारपणाचे पहिले तीन महिने सोडल्यास मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोलवर यावं.

आता घड्याळ बघा. अँटिथायरॉइड औषध दिल्यानंतर किमान एक तास गेल्यावरच आयोडीन. आयोडीन हा थायरॉइड हार्मोनचा कच्चा माल आहे. कारखाना चालू असताना कच्चा माल आत टाकला तर उत्पादन वाढणारच. आधी औषधाने कारखाना बंद केला की तेच आयोडीन साठवलेल्या हार्मोनला बाहेर पडू देत नाही. हा परिणाम इतर कुठल्याही औषधापेक्षा झटपट होतो. पोटॅशियम आयोडाइडचं संतृप्त द्रावण ५ थेंब दर ६ तासांनी, किंवा लुगॉलचं द्रावण १० थेंब दर ८ तासांनी. दोन्ही पातळ करून द्यावीत, नाहीतर पोटाला लागतात. ड्यूटी बदलताना हे हमखास गोंधळतं, म्हणून केसपेपरवर पीटीयू दिल्याची वेळ आणि आयोडीन देण्याची वेळ शेजारी-शेजारी लिहा. आयोडीन चालत नसेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने लिथियम, रक्तातल्या पातळीवर नजर ठेवून.

हायड्रोकॉर्टिसोनला (स्टेरॉइडला) थांबायचं कारण नाही, ते पहिल्याच टप्प्यात जातं: ३०० मिलिग्रॅम शिरेतून, मग १०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी. तेही टी-थ्रीचं रूपांतर कमी करतं आणि ताणाखालच्या, किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना आधार देतं. रुग्णाची प्रकृती फारच बिकट असेल तर कोलेस्टायरामिन ४ ग्रॅम दर ६ तासांनी जोडता येतं. आतड्यात उतरलेलं हार्मोन ते पुन्हा शोषू देत नाही. मात्र ते बाकीच्या गोळ्यांनाही बांधून ठेवतं, त्यामुळे वेळा वेगळ्या ठेवा.

तापासाठी पॅरासिटामॉल आणि बाहेरून गारवा, हुडहुडी भरणार नाही इतपतच. अॅस्पिरिन का नको, तर ते प्रथिनांना चिकटलेलं हार्मोन सोडवतं आणि मोकळं हार्मोन वाढवतं. घाम, जुलाब, उलट्यांमुळे पाणी खूप गेलेलं असतं, म्हणून सलाईन लागतंच. पण हार्ट फेल्युअर असेल तर हात आखडता घ्या. यकृतातला साखरेचा साठा संपलेला असतो, तेव्हा ग्लुकोज आणि थायमिन विसरू नका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये शॉक देऊन ताल पूर्ववत करण्याची घाई करू नका. हार्मोन आटोक्यात येईपर्यंत तो टिकत नाही. रक्त पातळ करण्याची गरज मात्र प्रत्येक रुग्णात तपासा.

आणि हे सगळं चालू असताना मूळ कारण शोधत राहा. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, हार्ट अटॅक, आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन, अमायोडॅरोन (हृदयाच्या तालासाठीचं आयोडीनयुक्त औषध). कारण तसंच राहिलं तर वरची सगळी औषधं अपुरी पडतात.

एक अवघड प्रसंग वेगळा सांगतो. अँटिथायरॉइड गोळी घेणाऱ्या रुग्णाला ताप आणि घसा दुखणं घेऊन आणलं, तर पहिला डोस देण्याआधी न्यूट्रोफिल्स (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बघा. ते प्रति मायक्रोलिटर ५०० च्या खाली असतील तर अॅग्रॅन्युलोसायटोसिस, म्हणजे या गोळीचा पांढऱ्या पेशी संपवणारा दुष्परिणाम, आहे. ती गोळी पुन्हा द्यायची नाही, त्याच गटातली दुसरीही नाही. अशा वेळी बीटा ब्लॉकर, स्टेरॉइड, कोलेस्टायरामिन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आयोडीन, गरज पडल्यास प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रवभाग बदलणं), आणि थोडी स्थिरता आल्यावर लवकर शस्त्रक्रिया असा मार्ग उरतो. नेहमीच्या उपचारांनी २४ ते ४८ तासांत उतार पडला नाही तरीही प्लाझ्मा एक्स्चेंजचा विचार करायचा. त्यामुळे ही सोय नसलेल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे, पहिल्याच रात्री मोठ्या रुग्णालयाशी बोलून ठेवा.

मिक्झिडीमा कोमा: शांतपणे येणारं संकट

नावात कोमा असला तरी बहुतेक रुग्ण पूर्ण बेशुद्ध नसतात. ते गोंधळलेले, पेंगुळलेले असतात. सगळ्यांत जास्त वयस्कर स्त्रियांत, थंडीत, आणि बहुधा एखाद्या संसर्गानंतर, स्ट्रोकनंतर, झोपेच्या किंवा अफूवर्गीय औषधांनंतर, किंवा लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड हार्मोनची गोळी) बरेच दिवस बंद राहिल्यावर हे घडतं.

तापमान नीट मोजा. पाऱ्याच्या साध्या थर्मामीटरवर ३५ च्या खाली आकडेच नसतात, त्यामुळे ‘ताप नाही’ अशी नोंद होते आणि ३२ अंशांवर आलेला रुग्ण निसटतो. कमी तापमान मोजणारा थर्मामीटर वापरा, शक्यतो शरीराच्या आतलं तापमान घ्या. अशा रुग्णाचं तापमान नॉर्मल आलं तर उलट संसर्गाची शंका घ्या.

बाकी चित्र असं: मंद नाडी, कमी रक्तदाब, उथळ श्वास, बोटाने दाबल्यावर खड्डा न पडणारी सूज, जाड जीभ, कोरडी त्वचा, सावकाश परतणारे रिफ्लेक्स, फुगलेलं पोट, तुंबलेली लघवी. मानेवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का हे पदर किंवा मफलर बाजूला करून बघा. तो एक व्रण निदान करून देतो. ईसीजीत लहान तरंग दिसले तर हृदयाभोवती पाणी आहे का पाहा. रक्तात सोडियम कमी, साखर कमी, कार्बन डायऑक्साइड वाढलेला. टीएसएच बहुधा खूप वाढलेलं असतं, पण बिघाड पिट्युटरीत असेल तर ते नॉर्मल किंवा कमीही येतं. म्हणून फ्री टी-फोर सोबत हवंच.

इथला क्रम. कॉर्टिसॉलसाठी (अॅड्रिनलच्या, ताण सोसायला लागणाऱ्या हार्मोनसाठी) रक्त काढा, आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्या, पुढे दर ८ तासांनी. त्यानंतर लेव्होथायरॉक्सिन. हा क्रम उलटा झाला तर काय होतं ते समजून घ्या: थायरॉक्सिन कॉर्टिसॉलचा निचरा वाढवतं. अॅड्रिनल आधीच कमकुवत असतील तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही संपतं आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. अॅड्रिनल ठीक आहेत हे सिद्ध झालं की स्टेरॉइड थांबवता येतं.

लेव्होथायरॉक्सिन शिरेतून २०० ते ४०० मायक्रोग्रॅम एकदा. वयस्कर, किरकोळ बांध्याचा, हृदयविकार किंवा अनियमित नाडी असलेला रुग्ण असेल तर खालचा आकडा. दुसऱ्या दिवसापासून तोंडावाटेचा पूर्ण डोस प्रति किलो १.६ मायक्रोग्रॅम धरून, शिरेतून त्याच्या तीन चतुर्थांश. काही तज्ज्ञ सोबत टी-थ्रीही देतात: ५ ते २० मायक्रोग्रॅम, मग २.५ ते १० मायक्रोग्रॅम दर ८ तासांनी. ते लवकर काम करतं, पण हृदयावर ताण आणतं. वयस्कर रुग्णात मी त्याबाबतीत सावध राहीन. इंजेक्शन मिळत नाही म्हणून मात्र हातावर हात ठेवून बसू नका. राइल्स ट्यूबमधून गोळ्यांचा ३०० ते ५०० मायक्रोग्रॅमचा लोडिंग डोस देऊन रुग्ण वाचलेले आहेत. आतडी सुस्त असल्याने शोषण बेभरवशाचं असतं, हे गृहीत धरून इंजेक्शनची व्यवस्था समांतर करत राहा.

श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष हवं. एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) लवकर करा, कार्बन डायऑक्साइड चढत असेल तर व्हेंटिलेटरला उशीर नको. जीभ आणि घसा सुजलेला असल्याने नळी घालणं अवघड जातं, तेव्हा अनुभवी हात बोलवा. माणूस शुद्धीवर आला म्हणून नळी काढायची घाईही करू नका.

ऊब द्यायची ती पांघरुणाने आणि खोली गरम ठेवून. बाहेरून जोरात शेकलं की त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि रक्तदाब घसरतो. सोडियम १२० च्या खाली असून झटके किंवा बेशुद्धी असेल तर ३ टक्के सलाईन १०० मिलिलिटर, पण २४ तासांत सोडियम ८ मिलिमोलपेक्षा जास्त वाढू देऊ नका. रक्तदाब वाढवणारी औषधं हार्मोन भरून येईपर्यंत फारशी लागू पडत नाहीत, तरी गरज असेल तर द्यावीच लागतात. कल्चर घेऊन अँटिबायोटिक सुरू करा, संसर्ग नाही हे स्पष्ट झालं की थांबवा. झोपेची, वेदनेची औषधं जपून: या शरीरात प्रत्येक औषध नेहमीपेक्षा सावकाश निचरतं.

तिसरी आणीबाणी, जी थायरॉइडची वाटतच नाही

तरुण पुरुष, रात्री जडान्न किंवा गोड भरपूर खाऊन झोपला, पहाटे पायच उचलेनात. पोटॅशियम खूप कमी. अशा वेळी टीएसएच पाठवायलाच हवं, कारण हायपरथायरॉइडिझममुळे होणारा हा पक्षाघात पुन्हा पुन्हा येतो. पोटॅशियम पेशींच्या आत सरकलेलं असतं, शरीरातून गेलेलं नसतं. म्हणून ते थोडं-थोडं, ईसीजी बघत द्या, नाहीतर लक्षणं उतरताना ते उसळी मारून धोकादायक पातळीला जातं. ग्लुकोजचं सलाईन टाळा, त्याने पोटॅशियम आणखी आत जातं. दमा नसेल तर प्रोप्रानोलॉल उपयोगी पडतं.

वादळ शमल्यावर

स्टॉर्ममध्ये शुद्ध, ताप आणि नाडी सुधारू लागली की आयोडीन थांबवायचं आणि स्टेरॉइड हळूहळू कमी करायचं, अँटिथायरॉइड गोळी मात्र चालूच. ती घेऊन हार्मोन नॉर्मल झाल्यावर करायच्या कायमच्या उपायाचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा किंवा रेडिओआयोडीनचा (ग्रंथी निकामी करणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचा), निर्णय याच मुक्कामात चर्चेला घ्या. आयोडीन दिलेलं असल्याने रेडिओआयोडीनसाठी काही आठवडे ते महिने थांबावं लागतं, हे रुग्णाला आत्ताच सांगा.

सुधारणा मोजायला टीएसएच रोज पाठवू नका. स्टॉर्मनंतर ते कित्येक आठवडे दबलेलंच राहतं, मिक्झिडीमानंतर नॉर्मलवर यायलाही आठवडे लागतात. फ्री टी-फोर आणि टी-थ्री एक-दोन दिवसांआड पाहा, आणि त्याहून जास्त विश्वास तापमान, नाडी, सोडियम आणि शुद्धीवर ठेवा. घरी सोडताना गोळी का बंद पडली होती हे विचारा: पैसे नव्हते, विसर पडला, की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून कुणी थांबवायला सांगितली. जे उत्तर येईल ते डिस्चार्ज कार्डवर लिहा, आणि गोळीची जबाबदारी घेणाऱ्या घरच्या माणसाला समोर बसवून ताप आणि घसा दुखला तर गोळी थांबवून लगेच सीबीसी करायची, ही सूचना त्याच्याकडून परत वदवून घ्या.